दुसरी गाडी

"पेटला!" बसच्या खालून दिराची आरोळी आली, आणि सिस्टरच्या जिवात जीव आला.

सकाळपासून गिझर रुसून बसला होता. ऐन वेळी, म्हणजे पुलाच्या त्या टोकाला फाउंडेशनच्या मॅडमची गाडी येऊन थांबली तेव्हा कुठे त्याची निळी ज्योत फुरफुरत उभी राहिली. दीर सरपटत बाहेर आला तो काजळीनं माखलेला.

"भावजी, तोंड तरी पुसा!"

"दारात न्हाणीघर उभं आहे वहिनी. पहिला नंबर माझाच लावा."

आंघोळीला थांबलेल्यांच्या रांगेत हशा पिकला. सिस्टरही फडक्याला हात पुसत हसली. इस्पितळातून निवृत्त झाल्यावर तिनं भंगारातली ही शाळेची बस उचलली होती आणि तिच्यात न्हाणीघर बसवलं होतं. रस्त्यावर राहणाऱ्यांना गरम पाण्याची आंघोळ, बस्स, एवढंच संस्थेचं काम. पण बस एक आणि माणसं शहरभर. फाउंडेशनच्या अनुदानासाठी राज्यभरातून अर्ज गेले होते, त्यातल्या मोजक्याच संस्था बघायला मॅडम स्वतः निघाल्या होत्या. मिळालं, तर दुसरी गाडी!

मॅडम घाईत होत्या. "मला पुढे अजून एका ठिकाणी जायचंय. चार-पाच जणांच्या आंघोळी होऊ देत, त्यांच्याशी बोलते आणि निघते. चालेल?"

"पळेल!" दीर म्हणाला.

तेवढ्यात पुलाच्या खांबाआडून कोटवाला उठला.

उन्हाळा असो की थंडी, अंगातला कोट कधी न उतरवणारा माणूस. सिस्टर दर खेपेला हाक मारायची आणि तो दर खेपेला मान फिरवायचा. आज मात्र आपल्या पायांनी आला. पायरीपाशी थांबून खाली बघत म्हणाला, "मी जाऊ?"

रांगेतला पहिला झटकन बाजूला झाला. "जा बाबा, जा!"

दार लागलं. कडी सरकली. पाणी सुरू झालं.

आणि ते थांबेचना.

रांगेत चुळबुळ सुरू झाली. मॅडमनी घड्याळात पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. दीर वहिनीच्या कानाशी आला. "टाकीतलं पाणी तळाला चाललंय. दार वाजवू का? मॅडमना दाखवायला दुसऱ्या कुणाची आंघोळच व्हायची नाही."

सिस्टरच्या डोळ्यांसमोरून दुसरी गाडी सरकली. पांढरीशुभ्र, नवी कोरी. ओठांवर आलेलं "वाजवा" तिनं गिळलं.

"वाजवायचं नाही. होऊ दे त्याचं." मग ती मॅडमकडे वळली. "आज तुम्हाला एकच आंघोळ बघायला मिळेल. पण ह्या माणसाला मी घाई करणार नाही."

खांद्यावरची पर्स काढून मॅडम शेजारच्या कठड्यावर टेकल्या.

आतून शीळ ऐकू आली. आधी चाचपडत, मग चढत्या सुरात. रांगेतल्या कुणीतरी टाळीचा ठेका धरला, दुसऱ्यानं पत्र्यावर थाप मारली, आणि बघता बघता सगळी रांग ताल धरून डोलायला लागली. दीर तर काजळीच्या हातांनीच टाळ्या पिटत होता.

दार उघडलं. वाफेतून एक माणूस बाहेर आला. धुतलेला शर्ट, मागे वळवलेले केस, दाढीतून ठिबकणारं पाणी, आणि हातावर घडी घातलेला कोट. रोज त्याच्या शेजारी झोपणारा म्हातारा आ वासून बघतच राहिला.

"अरे, तू तर माझ्याहून चांगला लहान आहेस की!"

सगळे खदखदून हसले. कोटवालाही हसला.

मॅडम उठल्या. बसमध्ये डोकावून आल्या, टाकीवर टकटक केलं, आणि पाठ फिरवून फोनवर बोलत राहिल्या. सिस्टरनं दिराचा दंड घट्ट पकडला. दिरानं ओठ आवळून डोळे मिटले.

फोन ठेवून मॅडम परत आल्या. "आमच्या बोर्डाची सही व्हायचीय अजून. तोवर मी काही बोललेच नाही, असं समजा. पण दुसरी गाडी घेतलीत, तर चालवणार कोण?"

ही बस सिस्टर स्वतः चालवायची, आणि दिराचा मुक्काम कायम बसखाली. "चालवायला... म्हणजे... मिळेल कुणीतरी..."

पायरीपाशी कोटवाल्यानं वर्गात करतात तसं बोट वर केलं.

"मोठी गाडी आहे का?" त्यानं विचारलं. "मोठ्याच चालवल्यात मी."