मदहाच्या पुढे

"गाडी खाली वळली तर मी दार उघडून उडी टाकीन," वासुदेव म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

"खाली नाही जायचं, काका. वर जायचंय," इरा म्हणाली.

तो मळ्याच्या फाटकाआडून रस्ता न्याहाळत होता. निकालाच्या आदल्या दिवशी यूएईच्या शारजातल्या खोर फक्कनहून पळून तो मदहाला, एका ओमानी मित्राच्या मळ्यात येऊन राहिला होता. तेव्हापासून कुंपणाबाहेर पडला नव्हता. कोर्टापासून मदहा गाडीने अगदी जवळ. मधे चौकी नाही, पासपोर्ट कोणी मागत नाही. डोंगरातलं एक वळण घेतलं की यूएई संपतं आणि ओमान लागतं.

"मेदूवड्याचं भोक आहे हे," तो म्हणाला. "सगळीकडून तुमचं यूएई, मधे ओमान. तुझ्या जजसाहेबांचा हात इथे पोचत नाही. विजय बोलला नाही कधी?"

"बाबा मला शुक्रवारी इथे फिरायला आणायचे."

विजयकुमार वासुदेवच्या कोल्ड स्टोअरचे मॅनेजर होते. आग लागली तेव्हा मागचं दार बाहेरून कुलूपबंद होतं आणि इराचे बाबा आतच गुदमरून गेले. बलदियाच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या इन्स्पेक्टरने ते कुलूप काढायला लावलं होतं; त्याची गाडी गेल्यावर वासुदेवने ते पुन्हा घातलं. कोर्टाने त्याच्या गैरहजेरीत शिक्षा सुनावली. आता वारसांनी माफ केलं तरच ती कमी होणार होती, आणि आईने ते इरावर सोपवलं होतं.

"सही इथेच कर की."

"अधिकाऱ्यासमोर केली तरच कोर्ट धरतं. वरच्या गावात छोटं ऑफिस आहे. सकाळीच बोलून आलेय मी."

"आणि तू खरंच सही करणार?"

"आईला हे सगळं आता संपवायचंय, काका."

"खलास. तेच बरं," म्हणत तो गाडीत बसला.

रस्ता वादीच्या, कोरड्या नदीपात्राच्या कडेने चढत होता. वासुदेवची नजर बाजूच्या आरशावर खिळली होती. मागे कोणी नव्हतं. खजुराची झाडं मागे पडली, मग बकऱ्या, मग नुसते तपकिरी डोंगर. खोर फक्कन जसजसं लांब गेलं तसा तो सीटवर सैलावला.

"थर्मासमध्ये चहा आहे," इरा म्हणाली.

"वहिनींनी केलाय?"

"हो. तुम्हाला गोड लागतो म्हणून साखर जास्त घातलीय."

त्याने कप नाकाशी नेला, क्षणभर थांबला, तिच्याकडे बघितलं. इराने हात पुढे करून त्याच कपातला एक घोट घेतला आणि कप परत दिला. तो ओशाळून हसला आणि सगळा चहा प्यायला.

"चोऱ्या व्हायच्या गं. म्हणून कुलूप. मुद्दाम कोण करेल?"

"हं."

"आणि विजय हट्टी. पुढच्या दाराने निघायचं सोडून मागे कशाला धावला?"

"पुढे आग होती."

त्याने रिकामा कप थर्मासवर बसवला. एक चढ संपला, दुसरा लागला.

"अजून वर?"

"आलंच."

गाव लहानसं होतं. थोडी घरं, एक मशीद, एक पांढरी बैठी इमारत. इराने गाडी तिच्यासमोर उभी केली. आतून गणवेशातला एक पोलीस बाहेर आला आणि त्याने वासुदेवच्या बाजूचं दार उघडलं.

वासुदेवने शर्ट नीट केला, सलाम केला आणि ऐटीत खाली उतरला. पोलिसाने त्याचं नाव विचारलं. त्याने पूर्ण नाव सांगितलं. पोलिसाने त्याच्या दंडाला धरलं.

"केस उधर की है, साहब," वासुदेव हसत म्हणाला. "यूएई की. ये तो ओमान है."

पोलिसाने इराकडे बघितलं.

"ओमान मघाशीच संपलं, काका," ती म्हणाली. "त्याच्या पोटातलं हे गाव पुन्हा शारजाचं आहे."