दोन चमचे

बाहेर दोन माणसं शिडी लावून पाटी उतरवत होती आणि आत उस्ताद शेवटचं सूप ढवळत होते.

"एवढं एकच पातेलं करा," बाई सकाळी म्हणाल्या होत्या. "दुपारपर्यंत जे येतील त्यांना वाढू. मग किल्ल्या देऊन टाकायच्या."

बाईंच्या हॉटेलच्या तेवीस शाखा होत्या. त्यातली पहिली हीच, आणि आता शेवटचीही हीच उरली होती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी इथे चार टेबलं होती. बाई पुढे गिऱ्हाइकाला बसवायच्या, उस्ताद मागे शेगडीपाशी. टोमॅटोचं साधंच सूप, पण लोक वाटी पुसून घ्यायचे. बघता बघता दुसरी शाखा निघाली, पाचवी निघाली, दहावी निघाली. दहावीच्या उद्घाटनाला बाई नव्या कोऱ्या जिन्यावरून अशा गडगडल्या की डोक्याला मागून नऊ टाके पडले. आठवड्याभरात पट्टी बांधून कामावर हजर! "दहावी शाखा डोक्यावर बसली माझ्या," म्हणून स्वतःच हसल्या. त्यानंतरही तेरा शाखा निघाल्या. प्रत्येक पाटीवर एकच ओळ: कुठेही जा, चव तीच.

ती चव ठरायची या मागच्या स्वयंपाकघरात. रोज सकाळी आठला मोठ्या पातेल्यातून दोन चमचे निघायचे, एक उस्तादांचा, एक बाईंचा. दोघांनी "वा!" म्हटल्याशिवाय शाखांकडे सुपाची एकही गाडी हलायची नाही.

सहा वर्षांपूर्वी उस्तादांना ताप आला. दहा दिवसांनी गेला, तो जाताना नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. कांदा खाल्ला काय आणि सफरचंद खाल्लं काय, सगळं सारखंच. आचाऱ्याने हे सांगायचं तरी कुणाला? घरीसुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नाही. बायको उलट खूश. "ताप उतरला आणि सोबत तुमचे नखरेही उतरले हो," म्हणायची. "आता माझ्या भाजीला नावं ठेवत नाही."

आठ वाजता मात्र उस्तादांना सोंग वठवावं लागायचं. चमचा तोंडात धरून बाई थेट त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायच्या. सवय तशी जुनीच, पण तापानंतर ती नजर टोचायला लागली. चोराच्या मनात चांदणं! उसनं अवसान आणून उस्ताद डोळे मिटायचे, ओठांवरून जीभ फिरवायचे आणि म्हणायचे, "वा!"

"वा!" बाई लगेच म्हणायच्या.

मग उस्तादांचा जीव भांड्यात पडायचा. आपली गेली तर गेली, बाईंची जीभ आहे ना. काही चुकलं तर त्या सोडणार आहेत थोड्याच?

गिऱ्हाईक हळूहळू कमी झालं. खुर्च्या बदलून पाहिल्या. दिवे बदलले, वाढप्यांचे कपडे बदलले, मेनूकार्डावर नवी चित्रं आली. सूप बदलायचं मात्र कुणाच्या मनात आलं नाही. ते दोन जिभांनी पारखलेलं होतं.

बोलल्या त्या एकट्या मावशी. पंधरा वर्षं याच कोपऱ्यात बसून कांदा-टोमॅटो चिरणाऱ्या. एक दिवस आठच्या वेळी त्यांनी बोट बुडवून चाटलं आणि दोघांसमोर म्हणाल्या, "उस्ताद, तळाला लागलंय हो. कडू लागतंय."

उस्तादांच्या तोंडातून पटकन निघून गेलं, "मावशींच्या जिभेचं वय झालं आता."

बाईंनी एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा उस्तादांकडे.

"उस्ताद म्हणतात ते बरोबर," त्या म्हणाल्या.

महिनाअखेरीला मावशींना घरी बसवलं. शाखा वीस झाल्या, मग चौदा, मग सहा.

काल उस्ताद शेवटचे टोमॅटो आणायला बाजारात गेले, तर समोर मावशी. भाजी विकत बसलेल्या. लालबुंद, घट्ट टोमॅटो त्यांनी स्वतः निवडून दिले. शिवी नाही, शाप नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या तरी करपवू नका हं."

घरी येईपर्यंत उस्तादांचं ठरलं होतं. किल्ल्या द्यायच्या आत बाईंना सगळं सांगायचं. मग त्या थोबाडीत देवोत नाहीतर तोंड बघणं सोडोत.

बाई आत आल्या. हातात बशी, बशीत दोन चमचे.

"चला उस्ताद. आपले शेवटचे."

दोघांनी चमचे तोंडात घातले. बाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. उस्तादांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. चमचा खाली ठेवला.

"बाई, मला काही कळत नाही."

"काय कळत नाही?"

"हे कसं झालंय ते. खारट, आंबट, करपलेलं, काहीच नाही. त्या तापापासून. सहा वर्षं." उस्ताद पातेल्याकडे बघत बोलत होते. "रोज खोटं बोललो मी. सगळ्या शाखा मी बुडवल्या, बाई. मावशींच्या पोटावर पाय दिला."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. बाहेर पाटी धप्पकन खाली आली.

उस्ताद शिव्यांची वाट बघत होते. शिव्या येईनात. बाईंच्या डोळ्यांत नुसतं पाणी. मग उस्तादांच्या मनात आलं, यांना ठाऊक होतं की काय? दया म्हणून गप्प राहिल्या की काय?

"तुमची जीभ तर शाबूत होती ना," ते म्हणाले. "तुम्हाला कळत असणार. मग एकदाही मला टोकलं का नाहीत?"

बाईंनी हातातला चमचा पातेल्याच्या झाकणावर ठेवला.

"उस्ताद, त्या जिन्यावरून पडले ना, त्या दिवसापासून मला कशाचीच चव लागत नाही. मी रोज तुमचं तोंड बघून 'वा' म्हणत होते."