अर्धी सिगारेट

“काका, एक बोडकी.”

दुकानदाराने सवयीने कात्री उचलली, सिगारेट मधोमध कापली आणि बिनफिल्टरचा तुकडा खिडकीतून पुढे केला. तो घेणारा हात इतका लहान होता की त्याने मान बाहेर काढून पाहिलं. शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर, मिशीचा अजून पत्ता नाही. पोरगं पैसे ठेवून पसार झालं.

तेव्हापासून दुकानदाराचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बरण्या पुसून झाल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. स्टूल आत घेतलं, बाहेर काढलं. गिऱ्हाइकाने काडेपेटी मागितली तर त्याच्या हातात बडीशेपेची पुडी ठेवली.

सिगारेटवरचा कर वाढला तेव्हा सगळे म्हणाले होते, बरं झालं, आता तरी पोरं या नादातून सुटतील. पोरं सुटायलाही लागली होती. तीच तर पंचाईत होती, कारण गिऱ्हाईक म्हणजे तीच. मग त्याला कात्रीची युक्ती सुचली. फिल्टरकडचा अर्धा भाग कॉलेजवाल्यांना, उरलेली बोडकी त्याहून स्वस्तात. कर लावणारे शेर, तर आपण सव्वाशेर, असं तो बायकोला मिशीला पीळ देत सांगायचा.

शाळेतल्या पोराला आपण कधी पाकीट विकलं नाही, ही त्याची दुसरी फुशारकी. पण एवढ्याशा पोराला पाकीट काय, अख्खी सिगारेट तरी कुठून परवडली असती? ती त्याच्या आवाक्यात आणून ठेवली कुणी? मी काही कुणाच्या तोंडात कोंबत नाही, असं तो स्वतःशीच दोनदा पुटपुटला. दुसऱ्यांदा पुटपुटताना त्याची त्यालाच लाज वाटली.

संध्याकाळी मुलगी क्लासवरून घरी जाऊन त्याचा डबा घेऊन आली. यंदा बारावीला होती. या धंद्याचा वारासुद्धा तिला लागू नये म्हणून तो तिला कधी दुकानाच्या आत पाऊल टाकू देत नसे. ती बाहेरच खिडकीशी उभी राहायची आणि रिकामा डबा घेऊन घरी जायची.

“जेव ना, बाबा. गार होतंय.”

त्याने डबा उघडला, पुन्हा झाकण लावलं.

“उद्यापासून अर्धी बंद,” तो एकदम म्हणाला. “उद्यापासून कशाला, आत्तापासूनच. घ्यायची तर अख्खी घ्या, नाहीतर चालू लागा. आईला सांग, थोडे दिवस हात आखडता घ्यावा लागेल.”

मुलगी खिडकीच्या चौकटीचा निघालेला रंग नखाने खरवडत राहिली. आता हीसुद्धा पैशांचं काढणार, असं त्याला वाटलं.

“का गं? चुकलं का माझं?”

“नाही. बरं केलंस.” ती मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “माझ्यासाठी मैत्रिणी इथूनच अर्धी न्यायच्या, बाबा. अख्खी मला नाही परवडायची.”