कर्नलचा भाडेकरू

"मग बेचाळीस साली डोन नदीवर तुम्ही नव्हताच?" सेवास्तियानने मक्याच्या घट्ट ममालिगाचा तुकडा मोडत विचारलं.

"कोठारात होतो," कर्नल ड्रागोमिर म्हणाला. "बूट मोजत."

"आणि सतरा साली, ओइटुझच्या खिंडीत?"

"तेव्हाही कोठारातच."

"दोन्ही महायुद्धं बुटांतच काढलीत की, कर्नलसाहेब!" सेवास्तियान हसला.

कर्नल हसला नाही. दोन्ही आघाड्यांवर तो पहिल्या फळीत होता. पण राजा गेला, कम्युनिस्टांचं राज्य आलं आणि त्याच्यासारखे अधिकारी एकेक करून उचलले जाऊ लागले. अशात गृहनिर्माण कचेरीने सेवास्तियान या गोदी कामगाराला कर्नलच्या कॉन्स्टान्त्सा बंदरातल्या घरात भाडेकरू म्हणून आणून घातलं होतं. महिना झाला, प्रश्न थांबत नव्हते. कुठली पलटण? खिंडीतून जखमी सार्जंटला पाठीवर आणणारा तो तरुण लेफ्टनंट कोण?

"अहो, बोलका आहे बिचारा," बायको अग्लाया म्हणाली. "एकटा जीव."

"एकटा? परवा त्याने माझी जन्मतारीख विचारली. तुझीसुद्धा. कशाला?"



गुरुवारी सेवास्तियान कामावर गेल्यावर कर्नलने त्याची खोली उघडली. उशीखाली चिठोरं होतं. दोघांची पूर्ण नावं, जन्मतारखा, उंची, डोळ्यांचा रंग. पकडण्याचा हुकूम निघतो तो असाच.

तीस वर्षांत तो एकच गोष्ट पक्की शिकला होता: शत्रूच्या आधी गोळी झाडायची. त्याने कोट चढवला आणि थेट पोलीस ठाणं गाठलं. माझा भाडेकरू सरकारविरुद्ध बोलतो, परक्या जहाजांवर त्याची ऊठबस आहे, असं लिहून सही केली. पहिलं विधान निम्मं खोटं होतं. दुसरं त्याने अंदाजाने ठोकलं होतं.

दुपारी गोदीवरच सेवास्तियानला धरलं.

शनिवारी सकाळी एक अधिकारी घरी आला. अग्लायाने खुर्ची पुढे केली. तो बसला नाही.

"तुमचा अंदाज बरोबर निघाला, कॉम्रेड. तुर्की जहाजाच्या खलाशाशी त्याचा सौदा झाला होता. उद्याचं जहाज."

"पळणार होता तर," कर्नलने सुस्कारा सोडला.

"तो नाही." अधिकाऱ्याने खिशातून दोन बनावट पासपोर्ट काढून टेबलावर ठेवले. "म्हणतो, ओइटुझच्या खिंडीतून तुम्ही पाठीवर आणलेला सार्जंट माझा बाप. आता कोट घाला, कर्नल. बाई, तुम्हीही. दोन्ही पासपोर्टांवर वर्णन तुमचंच आहे."