रस्त्यालगतचा पाणवठा

पाणवठ्याकाठी फासात अडकलेलं भेकर अजून जिवंत होतं. शमुवेलने त्याच्या तोंडावर गमछा टाकला. लिडियाने पाय घट्ट धरून तारेचा फास पकडीने तोडला. ते धडपडत उठलं आणि लंगडत सागाच्या झाडीत शिरलं.

लिडिया नवापूरच्या डोंगरपट्ट्यात वनरक्षक होती. शमुवेल तिचा सासरा, जन्मभर गवंडीकाम केलेला. उन्हाळ्यात नाले आटतात, जनावरं तहानेने मरतात, म्हणून या पाणवठ्यासाठी लिडियाने साहेबांचा पिच्छा पुरवला होता. टँकर पोचावा म्हणून जागा रस्त्यालगत धरली. बांधला शमुवेलने, मजुरी न घेता. "आमच्या सुनेचं तळं," असं तो आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचा.

लिडिया काठावर बसली. "बाबा, फासे इथेच का लागतात, आज कळलं. पाणी इथेच उरलंय, म्हणून जनावरं इथे येतात. आणि रस्ता इथे आहे, म्हणून फासे लावणारी माणसंही इथेच येतात. मोटारसायकल थांबवायची, तार बांधायची, निघून जायचं. दोघांची गाठ मीच घालून दिली."

शमुवेलने वर डोंगराकडे पाहिलं. मग म्हणाला, "वरच्या घळीत पाण्याचा झिरा आहे. गाळाने बुजलाय. तिथे गाडी जात नाही."

दोघं घळीत गाळ उपसू लागली. चढावर शमुवेलचे गुडघे दुखायचे. तो कबूल करायचा नाही. मग लिडियाच दम लागल्यासारखं करून थांबायची. हळूहळू पाणी झिरपलं, ओल्या मातीत खुरांच्या खुणा दिसल्या. तरी सवयीची जनावरं रस्त्याकडेच उतरत. पाणवठा मोडायलाच हवा होता. साहेबांनीही होकार दिला. पण लिडिया पहार घेऊन निघायची आणि सासऱ्याने लिंपलेला तो गुळगुळीत काठ पाहून तशीच परतायची.

एका सकाळी शमुवेलची खाट रिकामी दिसली. ती धावतच रस्त्याकडे गेली. पाणवठ्याचा तळ फुटला होता, पाणी मातीत जिरत होतं. शमुवेल घामाघूम होऊन कडेला बसला होता.

"मला सांगायचं होतं, बाबा. मी फोडलं असतं."

"म्हणून तर सांगितलं नाही, पोरी," तो म्हणाला. "तू घाव घातला असतास, तर जन्मभर माझ्यासमोर मान खाली घालून वावरली असतीस."