टाकीपाशी रेंज येते

"आई, तिकडं रेंज नसेल गं," 'माझ्या फोनवर कुणाचेच फोन का येत नाहीत?' असं गावाकडून, शेजारच्या शेवंताकाकूंच्या फोनवरून विचारणाऱ्या आईला रेश्माने बाळाला थोपटत सांगून टाकलं.

खरं तर कंपनीने यंदाही रिचार्जचे दर वाढवले, तेव्हा तिने दिवसभर व्हिडिओ बघता येणारा आपला प्लॅन तसाच ठेवला आणि आईचा रिचार्ज तेवढा 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून सोडून दिला. आईला येणारे फोनही त्यामुळे बंद झाले होते.

आठवड्याने काकूंचाच फोन आला. "अगं, तुझी आई सकाळ-संध्याकाळ टेकडीवरच्या टाकीपाशी जाऊन बसतीय. म्हणते, लेकीनं सांगितलंय, खाली रेंज नाही. गुडघे सुजलेत तिचे. तू तरी समजाव!"

रेश्माने काकूंचा फोन ठेवला. तिने तिथल्या तिथे आईचा रिचार्ज मारला आणि फोन लावला.

"मिळाली गं बाई रेंज!" आई धापा टाकत हसत होती. "तुझंच खरं निघालं. आता मी रोज इथंच येत जाईन बोलायला."

रेश्माला खरं सांगायचं होतं. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "सावकाश उतर गं, आई."