ज्याच्या नावावर नंबर

"फोटो चालत नाही, मावशी. माणूसच लागतो," काउंटरवरची शिवलीला हळू आवाजात म्हणाली.

केराबाईनं काचेवर ठेवलेला लेकाचा फोटो उचलला नाही. आणखी थोडा पुढं सरकवला.

"सरकारचा नियम आहे. नंबर ज्याच्या नावावर, त्यानं स्वतः इथं यायचं. कॅमेऱ्यापुढं उभं राहायचं, डोळे मिटून उघडायचे. तरच बंद पडलेला नंबर परत चालू होतो."

"त्यो आला आस्ता, तर नंबर कशाला लागला आस्ता गं बाई?"

बाहेर सात रस्ता चौकात वाहनांचे हॉर्न कर्कश वाजत होते. आत, मोबाइल कंपनीच्या त्या गार दुकानात, मागच्या रांगेनं चुळबुळ सुरू केली होती. केराबाईचा धाकटा दीर बिरप्पा खांद्यावरचं घोंगडं सावरत पुढं झाला.

"आवो ताई, सात वर्सं झाली पोराला जाऊन. सांगोल्याच्या बाजाराला मेंढरं इकायला गेला, त्यो गेलाच. पोलिसांत कंप्लेंट हाय. कुटनं आणू त्याला?"

नंबर लेकाच्या, जोतिरामच्याच नावावर होता. लोकर कातून कातून केराबाईच्या अंगठ्याच्या रेघा झिजलेल्या, मशीन काही तिचा अंगठा घेईना. तेव्हा पोरानं आपल्या आधारवर सीम काढलं आणि मोबाइल आईच्या हातात दिला. "आये, मला ह्यो एकच नंबर पाठ ऱ्हातोय बघ," म्हणाला होता.

त्या एका वाक्यावर ती सात वर्षं जगली. कुणाचाही फोन आला की दोन शब्दांत आटपायची. "ठेव ठेव, जोती लावत आसंल." गावच्या सप्ताहात बुवा कीर्तनाला उभे राहिले की आधी सगळ्यांचे मोबाइल बंद करायला लावत. केराबाईचा तेवढा चालू. "ह्या माउलीचा फोन वाजला, तर मी अभंग तिथंच थांबवीन," असं ते भर मंडपात म्हणाले होते. "लेकराचा आवाज आईच्या कानी पडला, की माझ्या विठ्ठलाला सगळं पोचलं." मंडप गलबलून गेला होता. मृदंगवाल्यानं डोळे पुसले होते. दरसाल कीर्तन मात्र न थांबता पार पडत होतं.

बिरप्पा दर अमावस्येला विषय काढायचा. दर्भाचा पुतळा करू, त्याला अग्नी देऊ, दहावं घालू, गेलेल्या पोराला पाणी तरी मिळू दे. तो काही वाईट माणूस नव्हता. जोतीला त्यानंच खांद्यावर खेळवलं होतं. पण केराबाई एकच म्हणायची, "जित्या लेकाचा पुतळा जाळू व्हय? नंबर चालू हाय तवर नाव काडू नगा."

आणि सोमवारी नंबर बंद पडला.

"वैनी," बिरप्पा आता चाचरत म्हणाला, "तुमचाच शबूद हाय. नंबर चालू हाय तवर."

केराबाईनं काचेची कड घट्ट धरली. "पोरी, कशापायी बंद पडला, तेवढं तरी बघ की. रिचार्ज म्या कदी चुकवला न्हाय."

शिवलीलानं नंबर टाकला. स्क्रीन वाचली. पुन्हा वाचली. मग तिनं एकदम काचेवरच्या फोटोकडं पाहिलं.

"मावशी... हा आपोआप नाही बंद पडला."

"मग?"

"सरकारनं एक सोय केलीय. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत, ते आपल्याला मोबाइलवर बघता येतं. नको असेल तो बंद करा म्हणून कळवता येतं. ते ज्याचं त्यालाच करता येतं, त्याच्या नावावरच्या दुसऱ्या चालू नंबरवर ओटीपी येतो." ती अडखळली. "गेल्या आठवड्यात तुमच्या मुलानंच कळवलंय. हा नंबर नको म्हणून."

बिरप्पाला क्षणभर काही उमगलं नाही. मग तो ओरडलाच.

"जित्ता हाय! वैनी, आवो जोती जित्ता हाय!"

सगळी रांग वळून बघू लागली. बिरप्पाच्या पांढऱ्या मिशांवरून पाणी वाहत होतं. "बिरोबा पावला! आन् म्या खुळा त्याचा पुतळा करायला निगालो हुतो! ताई, कुटं हाय त्यो? गावाचं नाव दिसतंय का?"

"ते नाही सांगता येत, काका."

"नगा सांगू! हाय न्हवं? बास झालं!" त्यानं शेजारच्या अनोळखी माणसालाच मिठी मारली.

केराबाई हलली नव्हती.

"पोरी," तिनं विचारलं, "चुकून दाबलं गेलं आसंल का गं?"

"खात्री आहे का, म्हणून परत विचारतं, मावशी."

"त्याला समद्या नंबरचं आकडं दिसत आस्त्याल?"

"सगळे नाही. शेवटचे चार."

"मग पुरं झालं. पाठ हुता त्याला."

तिनं फोटो उचलला. पदरानं पुसला, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. पिशवीत ठेवला. बिरप्पा अजून हसत होता, रडत होता, कुणाला तरी पेढ्यांचं दुकान विचारत होता. तिनं त्याचा दंड धरला.

"भावजी, पेढं ऱ्हाऊ द्या. येत्या आवसंला कार्य धरा. पुतळा म्या माझ्या हातानं वळते."